छेदाचं परिमेयीकरण: छेदातलं मूळ जातच नाहीये, कुठे चुकतंय?

नाशिकरोडकर
नववीचं गणित आहे. ६/(√५ + √३) चा छेद परिमेय करायचाय. मुलीने वर-खाली (√५ + √३) नेच गुणलं, तर छेदात ८ + २√१५ आलं. मूळ गेलं नाहीच. शिवाय √७२ चं सरळ रूप ३√८ लिहिलं म्हणून गुण कापला. ते चूक कसं? आणि हा खटाटोप करायचा तरी कशाला?

सातपूरवाला
त्याच करणीने (करणी म्हणजे √३ सारखं, पूर्ण न सुटणारं मूळ) गुणणं एकपदी छेदाला चालतं, उदा. ५/√३. दोन पदं असली की पूर्ण वर्ग होतो आणि मधलं पद उरतं, तेच हे २√१५. म्हणून अनुबद्ध जोडीने गुणायचं, म्हणजे मधलं चिन्ह बदलायचं: (√५ − √३). छेद ५ − ३ = २, अंश ६(√५ − √३), उत्तर ३(√५ − √३).

पडताळा घ्यायला लावा. √५ ≈ २.२३६, √३ ≈ १.७३२. ६ ÷ ३.९६८ ≈ १.५१२ आणि ३ × ०.५०४ = १.५१२. जुळलं. अंशाचा कंस विसरून ६√५ − √३ लिहिलं असतं तर इथेच पकडलं गेलं असतं.

३√८ ची किंमत बरोबर आहे, पण काम अर्धवट आहे. ८ मध्ये अजून ४ हा वर्ग दडलाय. ७२ चे मूळ अवयव पाडा: २×२×२×३×३. प्रत्येक जोडीतला एक बाहेर, एकटा राहिलेला २ आत. ६√२.

इंदिरानगर_गणित
वरच्यात भर: आधी सरळ रूप, मग परिमेयीकरण. १२/(√५० − √१८) ला थेट अनुबद्ध लावलं तर छेद ३२ येतो आणि अंशात १२(√५० + √१८) निस्तरत बसावं लागतं. त्यापेक्षा ५√२ − ३√२ = २√२ करा. मग १२/(२√२) = ६/√२ = ३√२. संपलं.

घनमुळाला ही वर्गमुळाची रीत लावू नका. १/∛२ ला ∛२ ने गुणलं तर छेदात ∛४ उरतं. ∛४ ने गुणा, छेद ∛८ = २, उत्तर ∛४/२.

कशाला म्हणाल तर बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर नसतो. १ ÷ १.४१४ हाताने करा आणि मग १.४१४ ÷ २ करून बघा, फरक लगेच कळेल. बेरजेतही तेच. १/√२ + √८ मध्ये सरूप करणी (मुळाखाली तीच संख्या असलेल्या) दिसतच नाहीत. √२/२ + २√२ लिहिलं की ५√२/२ समोर येतं. (शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी मापण्याच्या प्राचीन ग्रंथांत, √२ ला ‘द्विकरणी’ म्हणतात, दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी बाजू. ‘करणी’ शब्द तेवढा जुना आहे.)

नाशिकरोडकर
धन्यवाद, जमलं. आता १/(३ − २√२) मध्ये तिचा छेद ९ − ४ = ५ येतोय, पडताळा जुळत नाही.

सातपूरवाला
(२√२)² मध्ये बाहेरच्या २ चाही वर्ग होतो: ४ × २ = ८. तिने २ × २ केलं. छेद ९ − ८ = १, उत्तर ३ + २√२.