उत्तर: डेबियन 12.5 वरून 12.9 साठी पुन्हा इन्स्टॉल करावे का?
डेबियन या लिनक्स प्रणालीची पेन ड्राइव्हवरची आयएसओ (इन्स्टॉल करण्याची फाइल) 12.5 ची आहे म्हणून 12.9 ची उतरवून सगळे नव्याने इन्स्टॉल करावे का, असे आपण विचारले आहे. त्याची मुळीच गरज नाही. आयएसओ म्हणजे ती तयार झाली त्या दिवशीच्या पॅकेजेसचा (सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यांचा) गोठवलेला संच, तर इन्स्टॉल झालेली प्रणाली आपली पॅकेजेस थेट रिपॉझिटरीतून, म्हणजे डेबियनच्या इंटरनेटवरील पॅकेज-साठ्यातून, घेते. त्यामुळे 'ॲप्ट अपडेट' आणि 'ॲप्ट फुल-अपग्रेड' या आज्ञा चालवून मशीन रीस्टार्ट केले, की आपण 12.9 वर किंवा 12 मालिकेतील त्यानंतरच्या ताज्या आवृत्तीवरच असता. पेन ड्राइव्हवरची आयएसओ मात्र आपोआप ताजी होत नाही. डिसेंबर 2023 मध्ये 12.3 च्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) एक्स्ट4 या डिस्कवर फाइली साठवण्याच्या पद्धतीतील डेटा बिघडवणारा दोष सापडला आणि 10 डिसेंबरला 12.4 आली, हे लक्षात घेता अनेक मशीन इन्स्टॉल करायची असल्यास ताजी आयएसओ जवळ ठेवलेली बरी.