डॅशबोर्डच्या टक्केवारीवर सन्मानचिन्ह? माझा ठाम विरोध

कोर्टनाका (धागाकर्ता)
काल इथे एकांनी मांडलं की १ मेच्या पोलीस महासंचालक सन्मानचिन्हांत सीसीटीएनएससाठी, म्हणजे गुन्हे आणि गुन्हेगारांच्या नोंदींच्या देशभरातल्या पोलीस संगणक जाळ्यासाठी, वेगळा वर्ग हवा, आणि निवड ठाण्याच्या डेटा भरण्याच्या टक्केवारीवरून व्हावी. वेगळा वर्ग जरूर द्या. टक्केवारीचा निकष मात्र घातक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एफआयआर आता सिस्टीममधूनच निघते, त्यामुळे आयआयएफ-१ हा तिचा फॉर्म भरला यात कौतुक नाही. अटक, जप्ती आणि दोषारोपपत्र यांचे फॉर्मही वरून विचारणा होते म्हणून भरले जातात. खरी परीक्षा आयआयएफ-६ची, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या फॉर्मची. निकाल आरोपीनिहाय आणि कलमनिहाय भरायचा असतो. समजा पाच आरोपी आहेत. तिघे निर्दोष सुटले, एक खटला चालू असताना वारला, एक फरार म्हणून त्याचा खटला वेगळा काढून नवा नंबर पडला. घाईत ऑपरेटर पाचही जणांपुढे 'निर्दोष' निवडतो. डॅशबोर्डवर फॉर्म पूर्ण दिसतो आणि फरार माणूस नोंदीत सुटलेला असतो. उलटंही होतं. फॉर्म भरलाच जात नाही, आणि सात वर्षांपूर्वी सुटलेला माणूस चारित्र्य पडताळणीत 'न्यायप्रविष्ट' निघतो.

सन्मान करायचाच तर रोज कोर्टात बसून निकाल आणणाऱ्या पैरवी अंमलदाराचा आणि तो अचूक भरणाऱ्या ऑपरेटरचा करा. तोही निकालपत्राशी नोंद ताडून पाहिल्यावर.

गुरनं_रजिस्टर
पूर्ण असहमत. टक्केवारीला नावं ठेवणं सोपं आहे. २००९ साली केंद्राने २,००० कोटींची ही योजना मंजूर केली, महाराष्ट्रात राज्यभर चालू व्हायला २०१५ उजाडलं. त्या काळात प्रश्न अचूकतेचा नव्हता, लोक संगणकाला हातच लावत नव्हते. आधी हाताने रजिस्टर, मग वेळ मिळाला तर संगणक, अशी दुहेरी नोंद चालायची. आकडा मागितला म्हणून ही सवय मोडली. केंद्राच्या प्रगती डॅशबोर्डवर राज्याचे गुण दिसतात म्हणून वरिष्ठ आढावा घेतात. तुम्ही म्हणता तसं निकालपत्र हातात घेऊन कोण ताडणार? प्रत्येक ठाण्याचे वर्षाचे शेकडो निकाल असतात.

कोर्टनाका
सगळे ताडायला कोण सांगतंय? ठाण्यामागे २० निकाल चिठ्ठी टाकून काढा. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर सीएनआर, म्हणजे खटल्याचा स्वतंत्र ओळख नंबर, टाकला की निकाल दिसतो, शेजारी आयआयएफ-६ उघडा. चार गोष्टी पाहा: आरोपींची संख्या जुळते का, प्रत्येकाचा निकाल जुळतो का, कलमं जुळतात का, निकालाच्या तारखेपासून किती दिवसांनी फॉर्म भरला. एका माणसाचं एका दिवसाचं काम आहे.

आणि सवय आकड्याने मोडली म्हणता? ती मुदतीने मोडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितली, संवेदनशील गुन्हे वगळून. आयआयएफ-६ला अशी मुदत नाही, म्हणून तो सगळ्यात मागे पडतो.

तालुका_वकील
सीएनआर टाकला की दिसतं, हे शहरात बसून लिहिलेलं वाक्य आहे. सीएनआर आणि ठाण्याचा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) जुळलेले असतील तर. ते का जुळत नाहीत ते ऐका.

जुन्या पद्धतीत एकाच ठाण्यात भाग एक, भाग दोन, भाग तीन असे वेगवेगळे क्रम चालायचे. म्हणजे एक-४५/२०१२ हा मारामारीचा गुन्हा आणि तीन-४५/२०१२ हा दारूबंदीचा. कोर्टात दाखल करताना कारकुनाने नुसतं ४५/२०१२ टाकलं की मारामारीचा आरोपी दारूच्या खटल्याला चिकटतो. दुसरं, 'शहर' आणि 'तालुका' ही दोन ठाणी यादीत एकाखाली एक असतात, बोट घसरतं. तिसरं, गुन्हा डिसेंबरचा, दोषारोपपत्र पुढच्या वर्षीचं, आणि वर्षाच्या रकान्यात दोषारोपपत्राचं वर्ष. चौथं, ठाण्याचं विभाजन. जुना गुन्हा जुन्या ठाण्याच्या कोडवर राहतो, खटला नव्या ठाण्याच्या नावावर चढतो.

यातलं एकही पोलीस ऑपरेटरच्या हातात नाही. पुरस्कार द्यायचाच तर कोर्टातल्या दाखल कारकुनाला द्या. त्याचं नाव या धाग्यात कोणी घेतलेलंच नाही.

गुरनं_रजिस्टर
आता कोर्टाचा कारकून आला. उद्या कारागृह, परवा न्यायवैद्यक, मग सरकारी अभियोक्ता. आयसीजेएस, म्हणजे पोलीस, कोर्ट आणि या सगळ्यांना जोडणारी यंत्रणा, तिचे पाच खांब आहेत म्हणून पाच पुरस्कार काढायचे का? महासंचालकांचं सन्मानचिन्ह पोलिसांसाठी आहे, एवढं तरी मान्य करा.

ठसा_क्र_१०
सगळे नंबर आणि नावांत अडकलाय. नावाने माणूस सापडतच नाही. 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय', 'बाळू उर्फ बाळासाहेब', वाघमारे एकदा डब्ल्यूने, एकदा व्हीने. वडिलांचं नाव कधी नात्याच्या रकान्यात, कधी पहिल्या नावाला जोडून. लग्नानंतर बाईचं अर्धं नाव बदलतं. बोटं बदलत नाहीत. २०२२ पासून नॅफिस ही बोटांच्या ठशांची राष्ट्रीय यंत्रणा आहे, अटक झालेल्याला दहा अंकी राष्ट्रीय क्रमांक मिळतो, पहिले दोन अंक राज्याचे. आपल्या राज्याच्या ॲम्बिस या ओळख यंत्रणेत तर तळवे, बुबुळं आणि चेहराही आहेत. खरा सन्मान ठसे घेणाऱ्याला हवा. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून घेतलं नाही, घाम पुसला नाही, नको तितकं दाबलं, की रेषा चिकटतात आणि पुढे कितीही महाग यंत्र असो, जुळणी होत नाही.

आणि कामाचं श्रेय कुठे जातं याचं उदाहरण याच क्षेत्रात आहे. १८९७ साली कोलकात्यात जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र निघालं. वर्गीकरणाचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं. पद्धतीला नाव मात्र वरिष्ठाचं, हेन्री.

गुरनं_रजिस्टर
अर्धीच गोष्ट सांगू नका. हक यांना खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर किताब मिळाला, दोघांना प्रत्येकी पाच हजार रुपयेही मिळाले. त्या काळात ती लहान रक्कम नव्हती.

ठसा_क्र_१०
किताब मिळाले ते कित्येक वर्षांनी. आपल्या कर्मचाऱ्यांत हक यांचा वाटा सर्वाधिक होता, हे खुद्द हेन्रींनी १९२६ साली लिहून दिलं. तोवर जगभर पद्धत हेन्रींच्या नावाने रुळली होती. माझा मुद्दा तोच आहे. सन्मान ठाण्याला दिला की ठाणे प्रमुख मंचावर जातो आणि काम केलेला हवालदार बंदोबस्तात उभा असतो. पत्रावर नाव करणाऱ्याचंच हवं.

तालुका_वकील
ठसेवाल्यांनी दुसरी बाजूही वाचावी. २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात ठशांची नोंद ७५ वर्षं ठेवायची आहे. पण आधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, आरोपमुक्त झाला किंवा सर्व अपील संपून निर्दोष ठरला, तर ठसे नष्ट करायचे, न्यायालयाने कारण लिहून वेगळा आदेश दिला नसेल तर. नियमानुसार विनंती राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची. तो इतर गुन्ह्याशी संबंध नाही हे पडताळून एनसीआरबीला, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाला, शिफारस करतो. आता सांगा, तो कशावरून पडताळणार? त्याच्या पडद्यावर आयआयएफ-६च नसेल तर निर्दोष माणूस त्याला 'न्यायप्रविष्ट' दिसणार आणि ठसे तसेच राहणार. यंत्र जितकं अचूक, तितकी ही चूक त्या माणसाला घट्ट चिकटणार.

ठसा_क्र_१०
नष्ट करायची घाई कशाला? उद्या तोच माणूस दुसऱ्या जिल्ह्यात घरफोडीत सापडला तर?

तालुका_वकील
कायद्याने निर्दोष ठरलेल्या माणसाबद्दल 'तोच माणूस' हे शब्द वापरताना लाज वाटली पाहिजे. हीच वृत्ती नोंदीत उतरते. नोकरीच्या अर्जात तो खरं लिहितो, 'निर्दोष मुक्तता'. पडताळणीत येतं, 'प्रलंबित'. मग त्याने माहिती दडवली असा शेरा पडतो आणि निवड रद्द होते. तोंडचा घास जातो, आणि इथे बोट नीट फिरवलं का यावर पुरस्कार मागताय.

ठसा_क्र_१०
शब्द मागे घेतो. पण ठसा नीट नसेल तर दुसऱ्याचाच गुन्हा माझ्या माणसाच्या नावावर चढेल, हेही तितकंच खरं आहे. बोट कोण आहे ते सांगतं, खटल्याचं काय झालं ते सांगत नाही, एवढं कोर्टनाका यांचं मान्य.

गुरनं_रजिस्टर
माझंही थोडं मान्य. टक्केवारीने फॉर्म भरला जातो, खरा भरला जातो असं नाही. पण टक्केवारी टाकून देऊ नका, उंबरठा म्हणून ठेवा. ९५च्या खाली असलेलं ठाणं विचारातच घ्यायचं नाही, वर असेल तर तुमचे ते २० निकाल काढायचे. आणि ते ताडणारा त्याच जिल्ह्याचा नसावा, नाहीतर सगळीकडे वीसपैकी वीस येतील.

कोर्टनाका
उंबरठा चालेल. फक्त निकालांची चिठ्ठी काढताना निम्मे निकाल तीनपेक्षा जास्त आरोपींचे घ्या. एकच आरोपी असलेल्या दारूबंदीच्या खटल्यात चूक व्हायला वावच नसतो, त्यावर २० पैकी २० कोणीही मिळवील. आणि तालुका_वकील यांच्या यादीतलं वर्ष आणि भाग सुधारायला पैरवी अंमलदाराने दाखल कारकुनाला लेखी पत्र दिलं असेल, तर ते पत्र गुणांत धरा. आज तशी पत्रं देणारा अंमलदार कारकुनाच्याही डोळ्यांवर येतो आणि स्वतःच्या ठाण्याच्याही.

तालुका_वकील
पत्राची पोच घ्यायला सांगा. पोचेशिवाय दिलेलं पत्र टेबलाखाली जातं.