'सेट'चे ४३० अर्थ: शब्दाची श्रीमंती की मोजणाऱ्याची हौस?

शब्दवेडा (धागाकर्ता)

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कोणत्या शब्दाला आहेत? प्रश्नमंजूषेतला हा ठरलेला प्रश्न आणि उत्तरही ठरलेलं: 'सेट', अर्थ ४३०. आकडा हवेतला नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत या एका शब्दाची नोंद साधारण ६०,००० शब्दांची होती. तरीही माझं म्हणणं असं की हा आकडा दिपवणारा असला तरी फसवा आहे. 'सेट'चे अर्थ दोन. ताणून तीन म्हणा.

जुन्या इंग्रजीत 'सिट्टन' म्हणजे बसणे, आणि त्याचं प्रयोजक रूप 'सेट्टन' म्हणजे बसवणे. आता ही 'बसवणे'ची किल्ली घेऊन कोश उघडा. जवाहिऱ्या हिरा सेट करतो, म्हणजे कोंदणात बसवतो. डॉक्टर निखळलेलं हाड सेट करतात, म्हणजे जागेवर बसवतात. कविता संगीतात सेट होते, म्हणजे तिला चाल बसवतात. घड्याळाचे काटे, यंत्राचं पातं, रंगमंचावरचं नेपथ्य, सगळीकडे एखादी गोष्ट तिच्या जागी नेऊन पक्की करणं एवढंच चाललंय. सिमेंट 'सेट' होतं तेही हलायचं थांबून जागी बसतं म्हणून. याला शेकडो अर्थ म्हणायचं असेल तर आपण 'बसवणे'चे किती मोजणार?

राहिला तो 'संच' या अर्थाचा सेट. तो मुळात या घरचाच नाही. लॅटिन 'सेक्टा', म्हणजे मागून जाणारे, अनुयायी. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'सेत' आणि तिथून इंग्रजीत. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' याचा सख्खा भाऊ. 'सेक्ट' म्हणजे कापून वेगळा झालेला, असं बरेच जण सांगतात, ते चूक. कापण्याशी संबंध नाही, मागे जाण्याशी आहे. 'सीक्वेन्स' आणि 'सीक्वेल' त्याच गोतातले.

म्हणजे दोन वेगळ्या शब्दांचे चेहरे झिजून सारखे झाले आणि आपण दोघांची मिळकत एकाच्या नावावर चढवली. पटत नसेल तर सांगा.

चिकित्सक

पटत नाही. साफ नाही.

तुम्ही अर्थ सांगताय की कुळाचार? बोलणाऱ्याच्या डोक्यात लॅटिन 'सेक्टा' असतो का? सहा कपांचा सेट म्हटल्यावर इंग्रज माणसाला एकत्र बसवलेल्या, जुळवून मांडलेल्या वस्तूच दिसतात. म्हणजे तुमचा परका पाहुणा कधीच घरचा झालाय. कोशकारही मान्य करतात की या नामाच्या पुढच्या अर्थांवर क्रियापदाची छाप पडली आहे.

इंग्रजीतलाच दुसरा दाखला घ्या. 'इअर' म्हणजे कान आणि 'इअर' म्हणजे धान्याचं कणीस. जुन्या इंग्रजीत हे दोन निराळे शब्द होते, मुळं निराळी. पण कणीस दांड्याच्या कडेला कानासारखं दिसतं म्हणून तसं म्हणतात, असं लोक बिनधास्त सांगतात.

आणि आपलं 'मान' घ्या ना. गळ्याची मान संस्कृत 'मन्या'वरून आली, आदर या अर्थाचा मान वेगळा. पण 'मान ताठ ठेवून जगला' किंवा 'मान खाली घालायला लावली' म्हणताना या दोघांतली भिंत कुठे राहते? माझ्या कानाला तरी ते एकच ऐकू येतात. व्युत्पत्ती पाहून शब्द मोजायचे तर आधी बोलणाऱ्या प्रत्येकाला व्युत्पत्ती शिकवावी लागेल.

शब्दवेडा

@चिकित्सक, 'मान'चं उदाहरण झकास आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. लोकांना एक वाटतात म्हणून ते एक होत नाहीत. लोकांना तर 'सेक्ट' कापण्यातून आला असंही वाटतं.

चिकित्सक

लोकांना काय 'वाटतं' आणि लोक शब्द कसा 'वापरतात' यात फरक आहे हो. पहिलं चुकू शकतं. दुसरं कसं चुकेल? तीच तर भाषा.

मुक्तछंद

भांडण चालू द्या, मी जरा बाजूच्या बोळात शिरते.

शब्दवेडा यांचे दोन्ही 'सेट' संस्कृतातही भेटतात. बसवणारा सेट 'सद्' धातूचा नातलग: सदन, सदस्य, सभासद, परिषद, उपनिषद. 'सीदति'चं प्रयोजक 'सादयति', आणि जुन्या इंग्रजीतलं 'सेट्टन' हे घडणीनेसुद्धा त्याचंच जुळं आहे. पक्ष्याचं 'नीड' आणि इंग्रजी 'नेस्ट' हेही मुळात 'नि + सद्', खाली बसायची जागा.

संचवाला सेट ज्या लॅटिन धातूवरून आला, त्याचा भाऊ आपला 'सच्', म्हणजे सोबत असणे. त्यावरून 'सचिव'. 'सखा'ही त्याच कुळातला, आणि तिकडचा 'सोशल'ही.

म्हणजे एका सेटच्या घरी परिषद भरते आणि दुसऱ्याच्या घरी सचिव राहतो. दोन कुळं आहेत, हे मान्य करायला मला अडचण नाही.

जुनाजाणता

'आसन'ही त्यातच आलं की.

मुक्तछंद

नाही हो. 'आसन' 'आस्' धातूचं. अर्थ बसण्याचाच, पण धातू वेगळा. सगळ्यांचा घोळ होतो तिथे.

चिकित्सक

मुक्तछंदताई, तुम्ही नकळत माझं काम केलंत. 'सद्'वरूनच 'विषाद' आला, 'अवसाद' आला आणि 'प्रसाद'ही आला. खचून खाली बसणं हा विषाद, आणि गाळ खाली बसून पाणी निवळावं तसं मन निवळणं हा प्रसाद, प्रसन्नता. मूळ चित्र एकच, खाली बसण्याचं. मग विषाद आणि प्रसाद यांचा अर्थ एकच धरायचा का? शब्दवेडा यांच्या किल्लीने तर तसंच होईल. अर्जुनाला काय झालं होतं हे सांगताना मात्र पंचाईत व्हायची.

शब्दवेडा

हा वकिली कावा झाला. विषाद आणि प्रसाद यांना वेगवेगळे उपसर्ग आहेत, अर्थातला फरक उपसर्गांनी आणलाय. 'सेट' तर सगळीकडे नुसताच उभा आहे.

मास्तर_इंग्रजीचे

नुसताच कुठे उभा आहे? इथेच तर गंमत आहे. इंग्रजी आपले उपसर्ग शब्दाच्या मागे सुटे ठेवते. 'सेट अप' उभारणे, 'सेट ऑफ' निघणे किंवा स्फोट घडवणे, 'सेट इन' ठाण मांडणे (पाऊस, दुखणं वगैरे), 'सेट बॅक' मागे ढकलणे, 'सेट अबाउट' कामाला लागणे. संस्कृतात वि-, प्र-, अव- जे काम करतात तेच इथे अप, ऑफ, इन करतात. फक्त लिहिताना मध्ये जागा सोडतात, म्हणून कोशात हा सगळा संसार 'सेट'च्या नोंदीखाली जमा होतो. तीच जागा मिटवून लिहिलं असतं तर निम्मं ओझं तिथेच उतरलं असतं.

आता दोन्ही बाजूंना एकेक टोला.

शब्दवेडा, शिकवताना तुमची किल्ली अर्ध्या वाटेपर्यंतच चालते. हिरा, हाड, सापळा इथपर्यंत मुलं माना डोलावतात. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघाले, इथे 'बसवणे' सांगितलं की वर्गात हशा पिकतो. मागून जोडता येतं सगळंच, आधी ओळखता आलं पाहिजे ना? 'अपसेट'च घ्या. जुन्या इंग्रजीच्या पुढच्या काळात त्याचा अर्थ होता उभा केलेला, वर बसवलेला. लिलावात जी किमान किंमत ठरवतात तिला 'अपसेट प्राइस' म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. पुढे तोच शब्द उलथून टाकणे या अर्थाने रुळला आणि मग मनःस्थिती बिघडणे. त्याच दोन तुकड्यांतून बरोबर उलटा अर्थ निघाला. कुठली किल्ली लावणार?

आणि चिकित्सक, तुमच्या न्यायाने प्रत्येक वापर स्वतंत्र अर्थ ठरला तर कोश कधी संपणारच नाही.

कोशकिडा

मोजणीबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो.

जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात 'टेक'ला १३४ अर्थ दिले होते. १९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात 'सेट' सगळ्यांत पुढे, ४३०. मग २००० पासून त्या कोशाची तिसरी आवृत्ती टप्प्याटप्प्याने निघू लागली. तेव्हा आधी 'मेक'ने 'सेट'ला मागे टाकलं, मग 'पुट'ने, आणि २०११ मध्ये 'रन'ने. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. संपादक पीटर गिलिव्हर त्या एका शब्दावर सुमारे नऊ महिने बसून होते. (हे 'बसणे' कितवं ते शब्दवेडा यांनी सांगावं.) तेव्हा प्रश्नमंजूषेतलं उत्तर शिळं झालंय, हे आधी नोंदवा.

या काळात इंग्रज लोक 'रन' एकदम जास्त वापरायला लागले का? काही अंशी हो. यंत्रं आली, संगणक आले, प्रोग्रॅम 'रन' व्हायला लागले. पण मोठा भाग असा की त्या शब्दाची नोंद नव्याने लिहिली गेली. ज्या शब्दाची पाळी आली तो फुगला.

कोशकारांत दोन जाती असतात, जोडणारे आणि तोडणारे. जोडणारा म्हणतो, खडा बसवणे आणि हाड बसवणे एकच. तोडणारा विचारतो, कर्म काय, सोबत कोणतं शब्दयोगी, कोणत्या काळातला दाखला? ऑक्सफर्डचा कोश इतिहासावर बांधलेला, प्रत्येक छटेचा जुन्यात जुना दाखला द्यायचा असा त्यांचा नियम. त्यामुळे त्यांना तोडावंच लागतं. म्हणून ४३० हा आकडा मला खोटाही वाटत नाही आणि खराही. तो त्या पद्धतीचा आकडा आहे. आणि हो, त्याच कोशात क्रियापद 'सेट' आणि नाम 'सेट' यांच्या नोंदी वेगळ्या आहेत. दोन कुळं एकत्र कोंबली ती प्रश्नमंजूषावाल्यांनी. त्या बाबतीत शब्दवेडा बरोबर आहेत, पण दोष कोशाचा नाही.

आणखी एक. जुन्या इंग्रजीत वर्तमान, भूत आणि धातुसाधित ही या क्रियापदाची रूपं वेगळी दिसत. शेवटचे प्रत्यय झिजले आणि सगळ्याचं 'सेट' झालं. नाम तेच, विशेषण तेच. शब्द आखूड का झाला आणि त्याच्यावर एवढं ओझं का आलं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

रिकामटेकडा

'बॅजर' नावाच्या प्राण्याच्या बिळालाही 'सेट' म्हणतात. फरसबंदीच्या चौकोनी दगडालाही. स्पेलिंगमध्ये टी दोनदा. चला, ४३२.

बीजगणित

शब्दवेडा आणि चिकित्सक दोघंही धरून चाललेत की अर्थ आपोआप वाढतात. गणितातला 'सेट' तसा वाढलेला नाही, तो निवडून बसवलेला आहे.

गेऑर्ग कँटरने जर्मनमध्ये 'मेंगं' हा शब्द वापरला, म्हणजे घोळका, पुष्कळ वस्तू. इंग्रजीत त्याला काय म्हणायचं यावर बराच काळ एकमत नव्हतं. जॉर्डेनने १९१५ मध्ये कँटरच्या लेखांचं भाषांतर केलं त्यात 'अ‍ॅग्रिगेट' आहे. रसेल 'क्लास' म्हणत असे. फ्रेंचांनी 'आन्साँब्ल' घेतला. शेवटी 'सेट' टिकला आणि आपण पाठ्यपुस्तकात 'संच' केला.

आता या सेटमध्ये 'बसवणे' आहे का? नाही. 'मागून जाणे' आहे का? तेही नाही, कारण गणिताच्या संचात क्रमाला किंमतच नसते, कोण कुणाच्या मागे हा प्रश्नच येत नाही. सीक्वेन्स ही तिथे संचाहून वेगळी संकल्पना आहे. म्हणजे शब्द ज्या धातूवरून आला तो अर्थच इथे व्याख्येने बाहेर काढलाय. हा शब्दवेडा यांच्या दोन खणांपैकी कुठल्या खणात टाकायचा?

शब्दवेडा

बीजगणित यांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार, त्यामुळे त्यालाच उत्तर देतो.

संचाच्या खणातच टाकणार. अर्थ मुळाच्या विरुद्ध गेला म्हणून कूळ बदलत नाही. पण 'ताणून तीन' मी लिहिलं होतं ते अशासाठीच. व्याख्या करून दिलेला पारिभाषिक अर्थ हा तिसरा, आणि तो मी बाकीच्यांत मोजत नाही, कारण तो बोलणाऱ्यांनी घडवलेला नाही, ठरवून दिलेला आहे.

मास्तरांच्या 'सेट ऑफ'ला मात्र मी इतका घाबरत नाही. तिथे स्वतःला वाटेवर लावणे अशी पायरी मध्ये आहे. आपणही 'मार्गी लावणे' म्हणतोच. पायऱ्या दाखवल्या तर हशा पिकणार नाही.

मास्तर_इंग्रजीचे

'मार्गी लावणे' म्हणताना 'बसवणे' सोडून 'लावणे'वर गेलात, हे पाहिलंत का? मराठीत सेट कधी बसवणे, कधी लावणे (सापळा, गजर), कधी मांडणे (पट, टेबल), कधी ठरवणे (तारीख, दर), कधी मावळणे. सूर्याला तर कोणी बसवतही नाही, तिथे 'सिट' आणि 'सेट' यांची जुनी सरमिसळ आहे. एकच अर्थ असता तर भाषांतर करताना पाच क्रियापदं कशाला लागली असती?

शब्दवेडा

मग उलटं करून बघा. 'घसा बसला', 'धक्का बसला', 'विश्वास बसला', 'धंदा बसला', 'सदरा अंगाला नीट बसला', 'हिशोब बसला', 'भिंत बसली'. यांना इंग्रजीत सात क्रियापदं लागतील. म्हणून 'बसणे' हे सात शब्द झाले का? दुसऱ्या भाषेच्या खणांनी आपला शब्द का मोजायचा?

चिकित्सक

सात शब्द नाहीत, सात अर्थ. 'धंदा बसला' म्हणजे बुडाला आणि 'जम बसला' म्हणजे उलट, धंदा चालायला लागला. हे दोन्ही 'खाली टेकणे' यातून ज्याला आधी न सांगता ओळखता येईल, त्याच्यासाठी मी 'बसणे'चा एकच अर्थ मोजायला तयार आहे. बाकीच्यांसाठी कोशात दोन ओळी लागणार.

मुक्तछंद

'नाटक बसवलं' आणि 'नाटक बसलं' यांचंही तेच. दुसऱ्यातलं नाटक चांगलं उभं राहिलं की आपटलं, हे वाक्य पुढे ऐकल्याशिवाय मला तरी सांगता येत नाही.