क्लाऊस मॅकेलासारखं ऑर्केस्ट्राचं कंडक्टर व्हायचंय, सोलापुरातून सुरुवात कुठून करू?

काळी_पाच_क्लॅरिनेट
नमस्कार. वय १९, राहायला पूर्व भागात. पप्पांचा लग्नाचा बँड आहे, त्यात मी क्लॅरिनेट वाजवतो. ऑस्लो फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रानं वाजवलेल्या, सिबेलियस या फिनलंडच्या संगीतकाराच्या रचनेचा एक व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. समोर उभा होता क्लाऊस मॅकेला, फिनलंडचा, जन्म १९९६. ऑस्लोनं त्याची निवड जाहीर केली तेव्हा तो २२ वर्षांचा होता. २०२१ पासून पॅरिसचा ऑर्केस्ट्राही त्याच्याकडे, आणि २०२७ पासून शिकागो सिंफनी आणि अ‍ॅमस्टरडॅमचा रॉयल कन्सर्टहबाऊ, दोन्ही तोच सांभाळणार. मला नोटेशन येतं, पण फक्त क्लॅरिनेटची ओळ. घरचे म्हणतात, हे आपल्या लोकांचं काम नव्हे. खरंच उशीर झालाय का? कुठून धरू?

नरिमन_पॉइंटची_वारी
उशीर वगैरे काही नाही. झुबिन मेहता १९५४ मध्ये मुंबईहून व्हिएन्नाला गेले तेव्हा १८ वर्षांचे होते. तिथं स्वारोव्स्की या गुरूंकडे कंडक्टिंग शिकले आणि डबल बासही वाजवला. कारायानसारख्या मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला मिळाव्यात म्हणून ते आणि त्यांच्याबरोबर शिकणारे क्लाउदिओ अबादो चक्क कोरसमध्ये गायला उभे राहिले! तू सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघालास की सकाळी मुंबईत. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे सीझन फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास असतात. एकदा प्रत्यक्ष ऐक.

पलटणीचा_बँडवाला
बाळा, मी सोलापूरचाच. फौजेच्या बँडमध्ये नोकरी केली, पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलो, आता निवृत्त आहे. तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही.

मॅकेलाचं वय सगळे मोजतात. तो कशावर उभा आहे ते बघ. लहानपणी हेलसिंकीच्या ऑपेरात मुलांच्या कोरसमध्ये गायचा. चेलो शिकला, आजही वाजवतो. बाराव्या वर्षापासून सिबेलियस अकादमीत योर्मा पानुलांकडे कंडक्टिंग शिकायला लागला. सालोनेन, वान्स्का, ओरामो हे सगळे नावाजलेले कंडक्टर त्याच गुरूंचे शिष्य. तिथली पद्धत अशी, की पोरासमोर खरी वाजवणारी माणसं बसवायची, त्याला हात करू द्यायचे आणि नंतर त्याचाच व्हिडिओ त्याला दाखवायचा. म्हणजे ऑस्लोला पोचेपर्यंत दहा वर्षं त्यानं माणसांसमोर घालवली होती. आरशासमोर काठी हलवून हे येत नाही रे.

आणि माणसं तर तुझ्या घरात आहेत की! क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, ड्रम. मुंबई-पुण्याच्या कितीतरी पोरांना एवढं मिळत नाही.

बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असलेली प्रत, आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळतो. पहिलं पान उघड. ते गाजलेले चार सूर तंतुवाद्यांबरोबर आणखी कोण वाजवतं? क्लॅरिनेट! बाकी फुंकवाद्यं गप्प. आता त्या चार सुरांच्या आधी बघ, आठव्या हिश्श्याची विश्रांती आहे. तुकडा शांततेनंच सुरू होतो. तू हात कसा उचललास, त्यावरच सगळे एकत्र येणार की विस्कटणार ते ठरतं. चौथ्या सुरावर थांबा आहे. तो किती वेळ धरायचा आणि कुठं सोडायचा, हे तुझ्या मनगटातून दिसलं पाहिजे. या पहिल्या पाच मापांवर (बारवर) मोठमोठ्यांना घाम फुटतो.

मग उभं, म्हणजे सगळ्या ओळी एकदम, वाचायला शिक. तुझी क्लॅरिनेट काळी पाचची (बी फ्लॅट), त्या पानावरचे हॉर्न काळी दोनचे (ई फ्लॅट), ट्रंपेट पांढरी एकचे (सी), म्हणजे एकच लिहिलेला सूर प्रत्येकात वेगळा वाजतो, आणि व्हायोलाची क्लेफ, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची सूर ठरवणारी खूणच निराळी. एका नजरेत हे सगळे सूर कानात वाजले पाहिजेत. याला वर्षं लागतात, आणि हे काम घरी बसून करता येतं. रोज चार मापं. जोडीला हार्मनी पक्की कर. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या थिअरीच्या परीक्षा त्यासाठी बऱ्या.

घरच्यांनाही सांग, बँडमास्तर म्हणजे हेच काम. वरात चालली असताना मागच्या ढोलाला आणि पुढच्या ट्रंपेटला एका लयीत ठेवणं सोपं नाही. पप्पांकडून ते शिकून घे.

स्वरलिपी
काकांशी सहमत, पण एक बोलते. मॅकेलाचा वेग आदर्श म्हणून डोळ्यांसमोर ठेवू नकोस. दोन खंडांवरचे दोन थोर ऑर्केस्ट्रा एकाच माणसानं सांभाळावेत का, यावर जाणकारांतही वाद आहेत, आणि मलाही ते पटत नाही. तेच वाजवणारे, तोच कंडक्टर, वर्षानुवर्षं, यातून एखाद्या ऑर्केस्ट्राचा स्वतःचा आवाज घडतो. कंडक्टर दुदामेल बघ. व्हेनेझुएलात एल सिस्तेमा या मुलांना संगीत शिकवणाऱ्या उपक्रमात वाढला, २००४ मध्ये बाम्बर्गची कंडक्टरांची माहलर स्पर्धा जिंकला, २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्राकडे गेला आणि तिथं एवढी वर्षं टिकून राहिला. मला तो रस्ता जास्त मोलाचा वाटतो.

काळी_पाच_क्लॅरिनेट
काका, ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. पाचवीचं पान प्रिंट काढून आणलं. पप्पांना दाखवलं, ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, आषाढात लग्नाच्या सुपाऱ्या नसतात, तेव्हा माणसं बोलावू. पण आमच्याकडं व्हायोलिन नाहीत की ओ, आणि ट्रंपेटही काळी पाचचे. जमेल का?

पलटणीचा_बँडवाला
जमेल! पप्पांना माझा नमस्कार सांग. पहिल्या व्हायोलिनची ओळ तू आणि तुझ्याबरोबरची क्लॅरिनेट घ्या. दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला बाकीच्या क्लॅरिनेटमध्ये वाटा. चेलो आणि बासून (हे फुंकवाद्य) यांच्या ओळी युफोनियमला दे. काळी पाचच्या वाद्यांना सगळं एक पूर्ण सूर वर चढवून लिही, म्हणजे सी मायनर त्यांना डी मायनर दिसेल. लिहून काढणं तूच कर, दुसऱ्याला देऊ नकोस. हातानं लिहिताना स्कोअर पाठ होतो. पहिली चोवीस मापंच घे, आणि मोबाइल समोर ठेवून व्हिडिओ काढ. मला पाठव, हात बघून सांगतो.