मदत हवी आहे: वसतिगृहात राहून ताकद कशी वाढवावी? (वजन ४४ किलो, हिमोग्लोबिन ९.६)

नमस्कार. मी जळगावला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकते आणि मुलींच्या वसतिगृहात राहते. आमचे गाव अमळनेर तालुक्यात आहे. माझे वय १८, उंची १५६ सेंटीमीटर आणि वजन ४४ किलो आहे. नोव्हेंबरच्या शेवटी महाविद्यालयात आरोग्य तपासणीचे शिबिर झाले, त्यात माझे हिमोग्लोबिन ९.६ निघाले. त्याआधी दोन-तीन महिन्यांपासून तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मला धाप लागत होती. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला हात टेकून मी थांबत असे आणि कोणी पाहिलेच तर वही उघडून काहीतरी शोधत असल्याचे दाखवत असे. नवे शहर, जागरणे आणि अभ्यास यांमुळे असे होत असावे, असे वाटल्याने मी कोणाला सांगितले नाही.

सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. सुरुवातीला मळमळ होऊ लागली, म्हणून मी त्या मध्ये आठवडाभर बंद ठेवल्या. ती माझी चूक झाली. आता पुन्हा सुरू केल्या आहेत.

मला बारीक व्हायचे नाही, हे आधीच स्पष्ट करते, कारण मुलींच्या व्यायामाविषयी जे काही वाचायला मिळते त्यातील बहुतेक वजन कमी करण्याविषयीच असते. मला ताकद हवी आहे. दिवाळीच्या सुट्टीत आईसोबत कापूस वेचायला गेले होते. आई सकाळी सातला शेतात उतरते आणि ऊन कलेपर्यंत वेचत राहते. मी मात्र दोन ओळी संपवून बांधावर बसले, कारण डोळ्यांपुढे अंधारी आली होती. आई काही बोलली नाही. तिने माझ्या कमरेची झोळी सोडली, त्यातला कापूस आपल्या झोळीत ओतला आणि माझी उरलेली ओळ वेचायला लागली. ते दृश्य मनातून जात नाही, आणि पुढच्या दिवाळीत मला तिच्या बरोबरीने दिवसभर उभे राहायचे आहे.

अडचणी सांगते. खोलीत शेगडी किंवा विजेची किटली ठेवण्यास परवानगी नाही. जेवण मेसचे असते: सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी व रात्री पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात. वरण इतके पातळ असते की वाटीचा तळ दिसतो, आणि भाजी आठवड्यातून चार वेळा बटाट्याची असते. रविवारी शेवभाजी असते, ती सगळ्यांना आवडते आणि मलाही आवडते. घरी माळकरी वातावरण असल्याने अंडी व मांसाहार मी घेत नाही. जेवणाखेरीज खाण्यासाठी महिन्याला साधारण ६०० रुपये बाजूला काढू शकते. सकाळी उपाशीपोटी चहा घेण्याची सवय मला इथे आल्यावर लागली आहे. माय रोज रात्री फोनवर 'जेवनी का?' असे विचारते, आणि मी हो म्हणते, कारण जेवलेली तर असतेच.

मागच्या महिन्यात शहरातील एका व्यायामशाळेत चौकशीला गेले होते. तेथील प्रशिक्षकांनी वजन किंवा तब्येत काही न विचारता तीन महिन्यांची फी आणि प्रोटीन पावडरचा डबा असा एकत्र खर्च सांगितला. तो आमच्या घरी एका महिन्याच्या किराण्याहून अधिक होता. मी परत आले, पण तेव्हापासून एक शंका मनात आहे: पावडरीशिवाय माझ्यासारखीची ताकद वाढू शकते का? इतके कमी हिमोग्लोबिन असताना व्यायाम सुरू करावा की आधी ते वाढू द्यावे? मेसच्या ताटात मी नेमके काय बदलू शकते? ज्यांनी असेच शून्यातून सुरू केले आहे किंवा ज्यांना यातले शास्त्र माहीत आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी नंदुरबार जिल्ह्यात परिचारिका म्हणून काम करते. व्यायाम आणि आहार यांच्या आधी तीन गोष्टी विचारते. तुमची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. आदिवासी समाजात त्याचे प्रमाण अधिक आहे, परंतु तो फक्त त्यांच्यातच असतो असे नाही. केंद्र सरकारने त्यासाठी जुलै २०२३ मध्ये स्वतंत्र मोहीम सुरू केली आहे आणि सरकारी रुग्णालयात ही तपासणी विनामूल्य होते. बोटातून रक्ताचा थेंब घेतात, एवढेच. हा आजार असल्यास, लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देत नाहीत, आणि अतिश्रम किंवा अंगातील पाणी कमी होणे यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून जोराचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी हे कळलेच पाहिजे. दुसरे, पाळीत रक्तस्राव किती होतो? सात दिवसांहून अधिक काळ चालत असेल किंवा दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, तर ते डॉक्टरांना न लाजता सांगा, कारण एकीकडून गळती चालू असेल तर गोळ्यांनी भर पडत नाही. तिसरे, जंतांची गोळी शेवटची कधी घेतली होती?

आता गोळ्यांविषयी. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शोषण थोडे कमी होते, पण बंद ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. गोळीच्या आधी व नंतर किमान तासभर चहा नको, दूधही नको. वर लिंबूपाणी घेतले तर उत्तम. शौचाचा रंग काळसर होतो, त्याला घाबरू नका. महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. ते १२ वर गेले तरी डॉक्टर साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात, कारण शरीरातला साठा भरायचा असतो. बहुतेक मुली इथेच थांबतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच शिबिरात त्याच आकड्यावर भेटतात. तुम्ही एकट्या नाही आहात: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

प्रतिसाद

मी धुळ्यात शारीरिक शिक्षण शिकवतो. वरील ताईंनी सांगितलेली तपासणी झाल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर व्यायाम अवश्य सुरू करा, हिमोग्लोबिन १२ होण्याची वाट पाहू नका. मात्र पहिला महिना धावणे आणि दोरीवरच्या उड्या नकोत. सपाट रस्त्यावर १५ मिनिटे चाला, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा ठेवा की सोबतच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. वाक्य मध्येच तुटू लागले की वेग कमी करा. दर आठवड्याला तीन-चार मिनिटे वाढवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तेथे तुम्ही दोन-तीन महिन्यांत पोहोचाल, घाई करू नका.

ताकद मात्र नुसत्या चालण्याने वाढत नाही, हे मुलींना कोणी सांगत नाही. स्नायूवर नेहमीपेक्षा थोडे अधिक ओझे पडले आणि नंतर त्याला विश्रांती व अन्न मिळाले, तरच तो वाढतो. मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ठरवा. खुर्चीच्या पुढे उभे राहून हळूहळू बसा, बूड खुर्चीला टेकताच हाताचा आधार न घेता उठा. असे आठ वेळा, दोन मिनिटे थांबून पुन्हा आठ वेळा. भिंतीला हात टेकून दंड काढा, तेही आठ. पाठीवर झोपून गुडघे वाकवा आणि कंबर वर उचलून धरा. इतकेच पुरे. बारा-बारा सहज होऊ लागले की दप्तरात दोन पुस्तके भरून ते छातीशी धरा, मग तीन. पुढच्या दिवाळीला कापसाच्या ओळीत वाकून राहायचे आहे ना, मग पाठीचा खालचा भाग आणि मांड्या याच तयार व्हायला हव्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते स्वाभाविक आहे. चक्कर, छातीत धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र त्याच क्षणी थांबा आणि डॉक्टरांना कळवा. मार्चच्या मध्यापासून सकाळी सातच्या आत उरका. आपल्याकडचा उन्हाळा ४४ अंशांवर जातो, त्यात व्यायामाची हौस उपयोगाची नाही.

प्रतिसाद

मी चार वर्षे मेसवर काढली आहेत आणि आता आहाराविषयक पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, म्हणून ताटापुरते लिहिते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुमच्यासाठी सुमारे ३७ ग्रॅम. वजन ४८ ते ५० किलोपर्यंत न्यायचे आणि स्नायू वाढवायचे म्हणून आपण ५० धरू. पाच पोळ्यांतून साधारण १५ ग्रॅम मिळतात, मेसच्या दोन वाट्या वरणातून जेमतेम ७ ते ८. तुमच्या वरणात डाळ खाली बसलेली असते, म्हणून वाढणाऱ्या मावशींना पळी तळापासून फिरवून वाढायला सांगा. मी हे रोज सांगत असे आणि दोन आठवड्यांनी त्या न सांगताच तसे वाढू लागल्या. त्यात मूठभर फुटाणे, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक पेला दूध घातले की आणखी २० ग्रॅमच्या आसपास भर पडते. उरलेली कसर मोड आलेले मूग भरून काढतात. त्यांना शेगडी लागत नाही: रात्री भिजत घाला, सकाळी ओल्या रुमालात बांधून खिडकीत टांगा, दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. नीट धुऊन, लिंबू पिळून खा. लिंबू चवीपुरते नाही. वनस्पतींतील लोह 'क' जीवनसत्त्वाच्या सोबतीने अधिक शोषले जाते. सध्या पेरू स्वस्त आहेत, ते जेवणासोबत खा. दूध-दही सोडू नका, कारण शाकाहारी माणसाला बी-१२ तेथूनच मिळते.

केळ्यांच्या जिल्ह्यात राहता, तर चालून आल्यावर दोन केळी खा. एका मध्यम केळ्यात साधारण १०० उष्मांक असतात आणि तुम्हाला ते हवे आहेत. शेवभाजी रविवारी खुशाल खा, फक्त वरची तर्री बाजूला सारा. पावडर म्हणजे बहुधा दुधातलीच प्रथिने वेगळी काढलेली असतात. ६०० रुपयांत ती बसवण्याची काहीही गरज नाही. आणि सकाळचा उपाशीपोटीचा चहा सोडा. तो भूकही मारतो आणि पोह्यांतले लोहही अडवतो.

एक सुचवते. घरून कळण्याचे पीठ मागवता येईल का? ज्वारी आणि उडीद एकत्र दळल्याने धान्यात प्रथिनांचा जो आवश्यक घटक (अमिनो आम्ल) कमी असतो तो डाळीतून मिळतो. त्यामुळे ती भाकरी नुसत्या पोळीपेक्षा सरस ठरते.

धागाकर्तीचे उत्तर (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. सिकलसेलची तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. पाळीचे डॉक्टरांना सांगितले. रक्तस्राव जास्त होत होता, हे मला दुसऱ्या कोणाशी तुलना केल्याशिवाय कळलेच नव्हते. त्यावर औषध सुरू झाले आहे. जंतांची गोळीही दिली. हिमोग्लोबिन आता १०.९ आहे आणि वजन ४५ किलो २०० ग्रॅम.

आम्ही चौघी मैत्रिणी सकाळी सहाला मेहरूण तलावाकडे जातो. एकटीने जायला मला संकोच वाटत होता. आता चालणे २५ मिनिटांवर आले आहे. खुर्चीवरची उठबस बारा-बारा होते, म्हणून या मंगळवारपासून दप्तरात रसायनशास्त्राची दोन पुस्तके घातली. प्रयोगशाळेच्या जिन्यावर परवा दुसऱ्या मजल्याचा कठडा मागे पडला तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही.

कळण्याचे पीठ आईने पाठवले. मेसच्या मावशी चाळीसगावकडच्या आहेत. डबा उघडून त्यांनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवले आणि मीठ बेताचे आहे, एवढेच म्हणाल्या. आता बुधवारी आणि शनिवारी रात्री त्या आमच्या चौघींसाठी भाकरी थापतात. पीठ महिनाभर पुरेल. उन्हाळ्यात उडदामुळे ते लवकर खराब होते का आणि त्यासाठी थोडे थोडे दळून मागवावे का, हे कोणाला अनुभवाने माहीत असल्यास सांगावे. आई येत्या रविवारी गिरणीवर जाणार आहे.