ऑफिसात संस्थेसाठी निधी कसा जमवलात? – अनुभव धागा

2 ऑक्टोबर जवळ आला की दान उत्सवाचे फलक लागतात, रिसेप्शनपाशी एक पेटी येऊन बसते. 2009 पासून गांधी जयंतीच्या आठवड्यात देशभर हा उत्सव होतो, आणि एरवी कुणापुढे हात न पसरणारी माणसंही त्या निमित्ताने सहकाऱ्यांकडे पैसे मागतात. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत हे काम करते, आमच्या इमारतीमागच्या वस्तीत चालणाऱ्या अभ्यासिकेसाठी. संस्था लांबची असेल तर माणूस फोटो पाहून पैसे देतो. इथे तो डबा खाऊन शतपावलीला निघाला तरी अभ्यासिकेच्या दारात पोचतो. मागणाऱ्याला त्यामुळे एक शब्दही वाढवून सांगता येत नाही.

ज्यांनी आपल्या कामाच्या ठिकाणी असं काही केलंय त्यांनी इथे लिहा. किती जमले त्यापेक्षा कसे जमले, कुणी मागितले, पैशाचं काय झालं आणि पुढच्या वर्षी लोकांनी पुन्हा दिले का, हे वाचायला आवडेल.

सुरुवात मी करते. साहेबांच्या नावाने मेल पाठवायचा नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम. ज्याच्या सहीवर आपली पगारवाढ ठरते त्याने मागितल्यावर ‘नाही’ म्हणायची सोय कुणाला उरते? प्रत्येक मजल्यावर एक जण स्वखुशीने पुढे येतो आणि तो आपल्या बरोबरीच्यांशी बोलतो. आकड्याचं उद्दिष्ट आम्ही ठेवत नाही, महिने वाटून घेतो. जूनचं भाडं तिसऱ्या मजल्याचं, जुलैचं पाचव्याचं. दोन ताईंचं मानधन, महावितरणचं बिल, पाण्याचे जार. बिलाची झेरॉक्स पॅन्ट्रीत चहाच्या मशीनशेजारी चिकटवतो आणि भरलं की त्यावरच पावती टाचतो. कोणी किती दिले ते मात्र कुठेही लावत नाही.

एक प्रश्न दरवर्षी येतो: ‘कंपनी सीएसआर करतेच की, मग आम्ही कशाला?’ सीएसआर म्हणजे कंपनीने समाजकामावर करायचा खर्च. त्याबद्दलचं 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना लागू आहे. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के त्यांनी खर्च करायचे असतात. तो कंपनीचा पैसा. आपण पगारातून दिलेला रुपया त्यात धरला जात नाही. शिवाय तो निधी घ्यायला संस्थेकडे बरीच नोंदणी आणि कागदपत्रं लागतात. दोन खोल्यांच्या अभ्यासिकेला ते झेपत नाही, म्हणून तिला आपली गरज जास्त.

भोसरी, यंत्रकारखाना, कामगार संघटनेचा पदाधिकारी

आमच्याकडे मेल चालत नाही, गेट मीटिंग चालते. 2019 च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा आमच्या शॉपमधली कितीतरी पोरं तिकडचीच. शिरोळ, करवीर, पलूस, वाळवा. युनियनने एक दिवसाच्या पगाराचा ठराव केला. पण पगारातून असा पैसा कापायचा तर कामगाराची लेखी संमती लागते आणि ती लागायलाच पाहिजे. ज्याच्या घराची भिंत पडली, ज्याची म्हैस वाहून गेली, त्याच्यासमोर तो कागद धरायचा कसा? शेवटी चिठ्ठीवर तीन चौकोन छापले. एक दिवस, अर्धा दिवस, या वेळी नाही. घडी घालून टाइम ऑफिसातल्या डब्यात टाकायची. डबा खजिनदार आणि पगार क्लार्क या दोघांनीच उघडायचा. कोणी कुठे खूण केली ते आजही मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही.

कंत्राटी कामगारांकडे मागायचं नाही असं ठरलं होतं, त्यांच्या हातात काय पडतं ते आम्ही बघतो. तरी दुसऱ्या पाळीच्या जेवणाला काही पोरं कॅन्टीनमध्ये आली आणि दहा-वीसच्या नोटा टेबलावर ठेवल्या. खजिनदारांनी प्रत्येकाला पावती फाडली. दहा रुपयांच्या पावतीवरसुद्धा वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव घातलं, स्पेलिंग विचारून. त्या पोरांतली दोघं पुढे कायम झाली आणि आता निधी समितीत तीच पुढे असतात.

पूर ओसरला, सवय राहिली. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की जवळच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी आम्ही वर्गणी काढतो. आधी शाळेला विचारलं, काय हवं? आम्हाला वाटलेलं संगणक म्हणतील. बाई म्हणाल्या, ‘श्रवणयंत्राचे सेल द्या.’ यंत्र एकदा कुणीतरी देतं, फोटो निघतो. आतला बारका सेल आठ-पंधरा दिवसांत संपतो, आणि घरच्यांना परवडला नाही की यंत्र दप्तरातच राहतं. तेव्हापासून आमचा सगळा पैसा सेलला जातो. पोरं मशीनवर उभी असतात, सेल संपला म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

ठाणे, लेखापाल

मी पावतीपुरतंच लिहितो, कारण घोळ तिथेच होतो. एका सहकाऱ्याच्या यूपीआयवर सगळे पैसे घ्यायचे आणि त्याने संस्थेला एकरकमी पाठवायचे, ही पद्धत सोपी वाटते. मग पावती त्या एकाच्याच नावाने येते आणि मार्चमध्ये बाकीचे 80जीसाठी, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीसाठी, माझ्या टेबलापाशी उभे. पैसे ज्याचे त्याने थेट संस्थेच्या खात्यावर टाकावेत आणि पॅन द्यावा. संस्था देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरते आणि त्यातून प्रत्येकाचं 10बीई प्रमाणपत्र निघतं. यादीत नाव नसेल तर वजावट नाही.

रोख 2000 रुपयांच्या वर दिले तर वजावट मिळत नाही. धान्य, कपडे, वह्या दिल्या त्यावरही नाही. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर 80जीचा फायदाच नाही. हे आधी सांगितलं तर लोक देणार नाहीत अशी भीती संयोजकांना असते. मी दरवर्षी पहिल्याच दिवशी सांगतो. देणारे देतातच, आणि मार्चमध्ये कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

संस्था निवडताना धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, 80जीची मुदत आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल एवढं मागा. चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही, उलट फाइल तयार असते.

मुंबई, बँक

आमच्या शाखेतले काही जण जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला संस्थेच्या नावाने धावतात. 2004 पासूनच्या या शर्यतीत निधी जमवण्याची रीतसर सोय आहे. धावणाऱ्याने आपली संस्था निवडायची आणि ओळखीच्यांकडून तिच्यासाठी देणग्या मिळवायच्या. आमचा शिपाई दादा पहाटे कुलाब्याहून चालत येऊन सराव करायचा, त्याच्यासाठी अख्ख्या शाखेने दिले. आमच्या विभागीय व्यवस्थापकांपेक्षा त्याच्या नावावर जास्त जमले. धावणारा माणूस रोज डोळ्यांसमोर घाम गाळताना दिसला की मागावं लागत नाही.

लेस्टर, इंग्लंड

इथे पगारातून देणगी देण्याची सोय 1987 पासून आहे. कर कापायच्या आधीच रक्कम जाते. त्यामुळे 20 टक्क्यांच्या पट्ट्यातल्या माणसाने संस्थेला 100 पौंड दिले तर त्याच्या हातातले 80 च कमी होतात. एकदा फॉर्म भरला की तो महिन्यामागून महिना चालू राहतो. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात मी नव्या लोकांना पहिल्या पगाराच्या आधी हा फॉर्म दाखवते, कारण एकदा पूर्ण पगाराची सवय झाली की त्यातून काढणं जड जातं.

बाकी मग केक सेल, रॅफल (सोडतीची तिकिटं). रॅफलच्या तिकिटावर गिफ्ट एड, म्हणजे देणगीवरच्या कराची संस्थेला मिळणारी परतफेड, मिळत नाही. कर भरणाऱ्याने सरळ देणगी दिली तर प्रत्येक पौंडावर सरकारकडून आणखी 25 पेन्स संस्थेला मिळतात. म्हणून मी रॅफलच्या टेबलावर देणगीचा फॉर्मही ठेवते आणि दोन्हींतला फरक सांगते. केकच्या रांगेत मी साबुदाणा वडे नेते. त्यात दाण्याचं कूट, म्हणजे ॲलर्जीचा धोका! वेगळं टेबल, वेगळा चिमटा, ठळक अक्षरांत शेंगदाण्याची पाटी, आणि घरून आणलेले हातमोजे. वॉर्ड मॅनेजर स्वतः पाटी तपासून जाते. वडे सगळ्यात आधी संपतात, हे आनंदाने सांगते.

पैसे जवळच्या फूड बँकेला जातात. त्यांनीच आम्हाला सांगितलं, पास्ता आणि बीन्स पुरे, टिकाऊ दूध, सॅनिटरी पॅड आणि धुण्याची पावडर आणा. ती यादी आम्ही दर महिन्याला नव्याने विचारतो.

सातारा जिल्हा, विशेष मुलांच्या निवासी शाळेतली शिक्षिका

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते आहे. वरचं सगळं वाचून मन भरून आलं, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी आणि 31 डिसेंबर, या दिवशी आमच्याकडे माणसं मावत नाहीत. एकाच दिवशी तीन ऑफिसांतून जेवण येतं. गुलाबजाम, पुलाव, केक. मुलं एवढं खाऊ शकत नाहीत. काहींना फिट्सचा त्रास, त्यांच्या जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. पाहुणे उशिरा आले की ते सगळं विस्कटतं. मग जून उजाडतो. गणवेश, डायपर, गोळ्या, गाडीचं डिझेल, काळजीवाहक मावशींचा पगार, आणि तेव्हा दारात कुणी नसतं. अनुदान येतं तेव्हा येतं. मावशींचं भांडं रोज चुलीवर चढतं.

एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यातले लोक असेच गोड घेऊन आले होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, ‘ताई, तुमची सगळ्यात मोठी अडचण कुठली?’ मी म्हटलं, रात्रपाळीची मावशी. रात्री फिट आली तर मुलाजवळ कुणीतरी जागं लागतं. पुढच्या महिन्यापासून त्या कारखान्यातली माणसं शंभर-शंभर रुपये देतात आणि रात्रपाळीच्या मावशींचा पगार तिथून होतो. तो एकाच तारखेला येतो. मोठ्या चेकपेक्षा मला त्या तारखेचा आधार वाटतो, कारण त्यावर मी माणूस नेमू शकते.

दिवाळीआधी आम्हीही त्यांच्या कॅन्टीनमध्ये स्टॉल लावतो. मुलांनी रंगवलेल्या पणत्या, उटण्याची पाकिटं, कागदी आकाशकंदील. आमचा एक मुलगा, वय वीस, बोलणं थोडंच. प्रत्येक पणती तो वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळतो, कडा आत दुमडतो, मगच देतो. मागे रांग लागते आणि जेवणाची सुट्टी संपत येते. पहिल्या वर्षी मी घाईने मदतीला गेले तर रांगेतले एक काका म्हणाले, ‘राहू द्या ताई, त्याचं काम त्याला करू द्या.’ सुपरवायझर तिथेच होते. ते म्हणाले, आज भोंगा पाच मिनिटं उशिरा. आता दरवर्षी त्या दिवशी तसंच होतं.

एक विनंती. पणत्या दयेने घेऊ नका. रंग ओघळला असेल तर परत करा, आम्ही मुलांना दाखवतो आणि ती पुन्हा रंगवतात.

*(धागाकर्ती: ताई, तुमच्या मजकुरातला जूनचा भाग मी आमच्या समितीला वाचून दाखवला. यंदा आमची पेटी ऑक्टोबरऐवजी मेमध्ये निघेल.)*

नाशिक जिल्हा, जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक

सरकारी नोकरीत निधी हा शब्द ऐकला की माणूस आधी दचकतो. 7 डिसेंबरचा ध्वजदिन 1949 पासून पाळला जातो, सैनिकांसाठीचा तो निधी मी मनापासून देतो. पण एका वर्षी एका कार्यालयाने शाळावार उद्दिष्ट लावलं आणि कमी भरणाऱ्यांची यादी व्हॉट्सॲप गटावर टाकली. ज्या शिक्षकांनी स्वतःहून जास्त दिलं असतं, तेही त्या यादीनंतर नेमकं उद्दिष्टाएवढंच देऊन मोकळे झाले.

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांचा स्वतःचा एक निधी आहे, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन निघतात आणि मूल बरोबर गेलं की शाळा सुटते. गावातच आजीजवळ किंवा नातलगाकडे मूल राहावं म्हणून त्याच्या धान्याचा आणि वह्यापुस्तकांचा खर्च आम्ही उचलतो. ज्याला जमेल तो देतो, न देणाऱ्याला कुणी विचारत नाही.

यात अडचण एकच, बदली. हे काम पाहणारे गुरुजी दुसऱ्या तालुक्यात गेले की निधी त्यांच्याबरोबर जातो, असं अनेक ठिकाणी पाहिलंय. म्हणून आमच्याकडे नोंदवही आहे. मुलाचं नाव, कोणाकडे राहतो, किराणा कुठल्या दुकानातून, दुकानदाराची सही, मूल मार्चपर्यंत शाळेत टिकलं का. खातं दोन शिक्षकांच्या नावे, आणि ते दोघे एकाच शाळेतले नसावेत असा नियम, म्हणजे एकाची बदली झाली तरी दुसऱ्याची शाळा काम पुढे नेते. माझी यंदा बदली झाली. वही पुढच्या गुरुजींना देताना ज्या मुलांची आजी आजारी आहे त्यांच्या नावापुढे पेन्सिलने खूण केली आहे, त्या घरी दिवाळीच्या आधीच जायला हवं. नव्या शाळेच्या परिसरातूनही मजूर बाहेर जातात, तेव्हा तिथल्या सहकाऱ्यांशी बोलणं सुरू केलंय.