दोन जण पुण्याला चालले, गळीत तोंडावर आलंय, प्रोजेक्ट कसा रेटायचा?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, सांगलीत विश्रामबागला छोटं ऑफिस आहे आमचं, सहा जणांचं. एका साखर कारखान्याचं ऊसबिलाचं सॉफ्टवेअर नव्यानं करतोय, नोव्हेंबरात मोळी पडायच्या आत वजनकाट्यापासून बिलापर्यंत सगळं चालू पाहिजे. आणि नेमकं आत्ताच दोघांनी पुण्याची ऑफर घेतली, एकाचे वीस दिवस राहिलेत. ऊसबिलातनं होणाऱ्या कपातीचा सगळा कोड त्याचाच, सोसायटीची वसुली आधी की पाणीपट्टी आधी की बेण्याची उधारी, सगळं त्याच्या डोक्यात. मालक म्हणतात तीन नवी पोरं घेऊ. कारखान्याला सांगावं का गप बसावं?

हळद_गल्ली:
नवी पोरं आत्ता नको लगा. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की अजून उशीर होतो हे सॉफ्टवेअरमधल्या फ्रेड ब्रूक्स नावाच्या जाणत्या माणसानं 1975 सालीच पुस्तकात लिहून ठेवलंय, कारण शिकवणार कोण, तर जे चौघं कामात बुडालेत तेच की. जाणाऱ्याला कोडला हात लावू देऊ नको आता. राहणाऱ्यानं कीबोर्ड धरायचा, जाणाऱ्यानं शेजारी बसून नुसतं बोलायचं. डॉक्युमेंटच्या नादी लागू नको, आम्ही चाळीस पानं लिहून घेतली होती, कुणी उघडून बघितली नाहीत.

मिरज_जंक्शन:
पहिलं पासवर्ड बघा ओ. आमचा सर्व्हर सोडून गेलेल्या पोराच्या जीमेलवर, ओटीपी त्याच्या मोबाईलवर. वर्षभर "भावा ओटीपी सांग की" चाललं होतं, शेवटी त्यानं फोन उचलायचं सोडलं.

शेतकी_ऑफिस:
मी कारखान्याच्या बाजूचा माणूस. सांगा, आणि आत्ताच सांगा. शेतकऱ्याचं मोबाईल ॲप दोन महिने मागं गेलं तर चालतंय आम्हाला, पण उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे, बिल अडलं की शेतकरी तुम्हाला नाही आम्हाला धरतो. आणि कपातीचा क्रम त्या पोराला आमच्यासारख्याच कुठल्यातरी अकाउंटच्या भाऊसाहेबांनी सांगितला असणार ना, मग त्यांनाच गाठा. गेल्या हंगामातला एक पंधरवडा नव्या सॉफ्टवेअरमधून काढा, जुन्या बिलांशी पैशापर्यंत ताडून बघा. जिथं फरक येईल तिथलं त्या पोराला विचारायचं, तो ऑफिसात आहे तोवर.

कृष्णाकाठ:
भाऊसाहेबांचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्या सकाळी कारखान्यावर जातो. ओटीपीचं पण बघितलं. डोमेन त्याच्याच नंबरवर आहे.